होडीत ओढलेली रापण

लाडू गवसाची अकरा गाणी रेकॉर्ड झाली. चार तबकडीवर, सात कॅसेटवर. त्यांतल्या दहा गाण्यांवर त्याचं नाव आहे आणि ती दहाही आज कुणाला ठाऊक नाहीत. अकराव्यावर नाव नाही. ते लग्नाच्या मांडवात वाजतं, शाळेच्या गॅदरिंगला वाजतं, देवबागच्या पर्यटक होड्यांवर तर दिवसातून वीस वेळा वाजतं.

लाडू दोडामार्गाकडचा, डोंगरातला. बापाबरोबर जांभ्या दगडाच्या चिरेखाणीत उतरला आणि तिथंच त्याला कामाची चव कळली. तेव्हा मशीन नव्हतं. टिकावाचा घाव एका रेषेत पडला पाहिजे. रेष चुकली तर चिरा फुटतो, आणि फुटलेला चिरा म्हणजे काम नव्हे. हीच रीत त्यानं गाण्याला लावली. ओळ डोक्यात धरायची, चारी बाजूंनी तासायची, बसली तर ठेवायची, नाही तर टाकून द्यायची. कागद शेवटी. पावसाळ्यात खाण बंद, म्हणून चार महिन्यांत एक गाणं. कुणी विचारलं, गाणं कसं झालंय, तर तो म्हणायचा, "काम पुरा झाला."

काजूवर त्याचं एक गाणं आहे. मोहोर कधी येतो, बोंड कधी रंगतं, बी कधी खुडायची, सगळं बिनचूक. शेतकी अधिकाऱ्यालाही त्यात काही वावगं काढता आलं नसतं. नाचताही आलं नसतं.

साल चौऱ्याहत्तर. लाडू तेव्हा चोवीस वर्षांचा, मुंबईत गवंडीकाम करत होता आणि गिरगावात गावकऱ्यांच्या खोलीत अठरा जणांबरोबर राहत होता. विमला नावाची मालवणची एक बाई गिरण्यांच्या कार्यक्रमांत गायची. तिला एका छोट्या कंपनीनं तबकडी काढायला बोलावलं. गाणी चार हवी होती. लाडूकडे तीन होती, एकेक चार महिन्यांचं. चौथं दोन दिवसांत पाहिजे आणि समुद्राचं पाहिजे, म्हणून विमलानं सांगितलं.

लाडूनं समुद्र पाहिला होता तो चौपाटीवर. रापण नुसती ऐकली होती, म्हणजे भलंमोठं जाळं असतं आणि पुष्कळ माणसं मिळून ते ओढतात, एवढंच. दुपारी जेवणाच्या सुट्टीत परांचीवर बसून त्यानं गाणं लिहिलं. चाळीस मिनिटांत. डबा खाऊन झाल्यावर वीस मिनिटं उरली, ती त्यानं झोपून काढली.

*ओढा गड्यांनो, ओढा रापण, होडयेत ओढा रे,*
*बांगडे घेवा तुमी सगळे, माझो घोव सोडा रे.*

समुद्रावर गेलेल्या नवऱ्यासाठी घरात अडकलेली बायको भांडते, असं ते गाणं. विमलानं ते एका दमात म्हटलं. कंपनीतला चहावालासुद्धा ताल धरून उभा राहिला. ढोलकीवाला देवबागचा होता. वाजवून झाल्यावर ढोलकी फडक्यात गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "गाणा बरा आसा रे. पण रापण होडयेत कधी ओढतत?"

"मगे खंय ओढतत?" लाडूनं विचारलं.

"पुळणीर! होडी दर्यात जाळा टाकून येता, आणि पन्नास माणसां किनाऱ्यार उभी रवान दोन बाजूंनी ओढतत. होडयेत ओढलंस तर होडीच बुडात, मेल्या!"

लाडूचं तोंड पडलं. पुन्हा म्हणायला मिळेल का, म्हणून तो आत गेला. पण वेळ संपली होती आणि पुढचे गायक दारात उभे होते. इतक्यात कंपनीचा कारकून कागद घेऊन आला. पहिली तीन गाणी कुणाची? लाडू गवस. चौथं?

"पारंपरिक," लाडू म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. आमच्याकडच्या जुन्या बायका म्हणतात."

फुटलेला चिरा माणूस खाणीच्या कडेला ढकलून देतो, तसं त्यानं ते गाणं ढकललं. पुढं काय होणार ते त्याला काय माहीत!

तबकडी गणपतीत निघाली. चाकरमानी ती गावाला घेऊन आले आणि सगळ्यांनी चौथंच गाणं लावलं. बाकीची तीन सुई बदलायच्या वेळी चुकून लागत. लाडूनं मग हट्टाला पेटून सात गाण्यांची कॅसेट केली. एकेक ओळ ओळंब्यात, भिंतीसारखी सरळ. कॅसेटच्या कव्हरवर त्याचा फोटो होता. दुकानदारांनी ती एका तबकडीतल्या गाण्याच्या कॅसेटबरोबर फुकट दिली. कुठल्या, ते सांगायला नको.

तो गावी परतला आणि भिंती बांधू लागला. बांद्यापासून तिलारीपर्यंत त्यानं बांधलेली घरं आहेत. एकदा एका विहिरीचा कठडा अर्धं बोट बाहेर गेला, तर मालक नको नको म्हणत असताना त्यानं तो स्वतः पाडला आणि पुन्हा बांधला. गाण्याचं त्यानं फक्त बायकोला सांगितलं होतं. यशोदा म्हणायची, "सांगा की लोकांका, ता गाणा माजा म्हणान."

"काय सांगू? चूक माजी म्हणान?"

"चूक रवांदे. गाणा तरी तुमचा मां?"

"दोन्ही एकच."

यशोदा गेली तेव्हा हे ठाऊक असलेलं लाडूशिवायचं शेवटचं माणूस गेलं. ढोलकीवाला आणि विमला त्याच्याही आधी गेले होते.

लाडूला पंचाहत्तरावं लागलं आणि मोतीबिंदू पिकला. मुलगी पूजा मालवणात दिलेली. तिनं त्याला ऑपरेशनला आपल्याकडे आणलं. काळा चष्मा लावून तो तिच्या पडवीत बसला असताना पूजाच्या ओळखीतून अक्षया आली. ही मालवणचीच मुलगी, कॉलेजात शिकवायची आणि मालवणी गाण्यांच्या जुन्या रेकॉर्डची यादी करत होती.

"लाडू गवस म्हणजे तुम्हीच?" तिला खरं वाटेना. "आजोबा, माझ्या यादीत तुमची दहा गाणी आहेत. नावापुढे लिहिलंय, माहिती उपलब्ध नाही."

"आसा की. हयसर बसलंय," लाडू म्हणाला. मग ती शुद्ध बोलते आहे हे ध्यानात येऊन तोही शुद्धावर आला. "विचारा."

तिनं दहाही गाण्यांचं विचारलं. दहाही तिला पाठ होती. काजूच्या गाण्यातलं बोंड रंगण्याचं कडवं तिनं म्हणून दाखवलं तेव्हा लाडूनं चष्मा काढून डोळा पुसला आणि पूजाकडून ओरडा खाल्ला. पन्नास वर्षांत त्या कडव्याला मिळालेला हा पहिला श्रोता. मग तिनं फाइलचं पान उलटलं.

"आता त्याच तबकडीवरचं चौथं. रापणीचं. ते कुठल्या बाईकडून मिळालं तुम्हाला?"

"आठवत नाही."

"आठवून पाहा ना. मी त्याच्यावर निबंध लिहिलाय. त्या एका ओळीवर. आता रापण किनाऱ्यावर ओढतात, पण गाण्यात ती होडीत ओढतात. म्हणजे पूर्वी कधीतरी तशी पद्धत असणार. दोनशे, कदाचित तीनशे वर्षांपूर्वी."

"दुसरा पुरावा काय?"

"एकही नाही," अक्षया आनंदानं म्हणाली. "म्हणून तर ही ओळ इतकी महत्त्वाची!"

लाडूनं चष्मा पुन्हा लावला.

जाता जाता तिनं सांगितलं की येत्या रविवारी देवबागला कार्यक्रम आहे. विनीत म्हणून तिथला होमस्टेवाला आहे, त्यानं किनाऱ्याजवळ चिऱ्यांची भिंत बांधून घेतली आहे. तिच्यावर हे गाणं लावायचं. ग्रॅनाईटवर कोरून. खाली लिहिलंय 'पारंपरिक'. लाडूआजोबांनी जुने गीतकार म्हणून यावं आणि दोन ओळी म्हणाव्यात.

ग्रॅनाईट म्हटल्यावर लाडू हलला. चिऱ्यावरचं अक्षर चार पावसांत झडतं; तबकडी फुटते, कॅसेटची टेप घोळते. ग्रॅनाईट कुणाच्या बापाचं ऐकत नाही. एकदा त्याच्यावर पारंपरिक म्हणून लागलं की लाडू गवस नावाचा माणूस त्या गाण्याच्या आसपासही फिरकला नव्हता, हे कायमचं ठरणार. आणि त्याची दहा गाणी, एकेकाचे चार महिने, ती तर कधीच विसरली गेलेली.

शनिवारी जेवताना त्यानं पूजाला सांगितलं, "ता रापणीचा गाणा माजा."

"खयचा?"

"ताच. होडीतला."

पूजा त्याच गाण्यावर शाळेत नाचली होती, बक्षीस मिळवलं होतं. ती हसली. "बाबा, ऑपरेशन डोळ्याचा झाला. डोक्याचा कधी केलंत?"

जेवताजेवता लाडूनं मनाशी बेत केला. गाणं म्हणायचं, पण दुरुस्त करून. 'होडयेत'च्या जागी 'पुळणीर'. पन्नास वर्षं तो ती ओळ तासत होता, त्याच्या दृष्टीनं ती आता पुरी झाली होती. आधी बरोबर गाणं ऐकवायचं आणि मग सांगायचं की हे माझं. नाव तेवढं घ्यायचं, चूक खाणीच्या कडेला होती तिथंच ठेवायची.

रविवारी देवबागला गर्दी होती. आधी विनीतचा खास कार्यक्रम झाला. फेब्रुवारीपासून तो पर्यटकांना 'होडीवरची प्राचीन रापण' दाखवायचा. लाइफ जॅकेट घातलेली पुण्याची दहा माणसं होडीत उभी राहून वीस हात जाळं वर ओढत होती, होडी एका अंगाला कलली होती, आणि स्पीकरवर विमला गात होती. जाळ्यात मासे नव्हते. मासे आधीच टोपलीत आणून ठेवले होते.

सुरूच्या सावलीत देवबागचे खरे रापणकर बसले होते. विनीतनं त्यांना नवे फेटे बांधून आणलं होतं. त्यांच्यात सर्वांत जुना दाजी, रापणीचा म्होरक्या, ऐंशीला टेकलेला. होडीकडे पाठ करून बसला होता.

लाडूनं पहिल्यांदा भिंत पाहिली. एक डोळा मिटून, नव्या डोळ्यानं. उजवीकडे बोटभर झुकली होती. तो काही बोलला नाही. अजून पाहुणा होता.

अक्षयानं त्याची ओळख करून दिली, दहा गाण्यांसकट. टाळ्या बेताच्या पडल्या. मग लाडूनं माइक घेतला आणि म्हणाला, "ओढा गड्यांनो, ओढा रापण, पुळणीर ओढा रे..."

मांडवात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हात वर केला. "होडयेत, आजोबा, होडयेत!"

"पुळणीर," लाडू म्हणाला आणि पुन्हा सुरू केलं.

आता सगळा मांडवच मदतीला आला. पोरं, बाया, पुण्याची माणसं, सगळ्यांनी एका सुरात त्याला बरोबर शब्द सांगितला. विनीतनं दुसरा माइक उचलला. "वय झालं की विसरायला होतं. आपण सगळे आजोबांना साथ देऊया!"

"मी विसरलो नाही," लाडू म्हणाला. "गाणं माझं आहे. मी लिहिलंय."

मांडवात हसू पसरलं. वाईट हसू नव्हतं, घरातल्या म्हाताऱ्याला हसतात तसं. पूजानं तोंडावर पदर धरला. अक्षया पुढं आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, काही कागद? वही? कुणी साक्षीदार?"

वही नव्हती. साक्षीदार मेले होते. तबकडीवर छापलेलं 'पारंपरिक' त्यानंच छापायला सांगितलं होतं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. बेत मोडला होता. आता हातात होती ती एकच गोष्ट, जी त्यानं पन्नास वर्षं लपवली होती. तो शुद्धावरून खाली उतरला.

"पुरावो आसा. चूक आसा मां, तोच पुरावो. रापण होडयेत ओढणत नाय. कधीच ओढूक नाय. माका तेवा म्हायतच नव्हता. मी डोंगरातलो, रापण बघूक नाय, कोणाक इचारूक नाय. चाळीस मिनटात लिवलंय आणि चुकलंय. म्हणान नाव देवक नाय."

तेवढ्यात सुरूखालून दाजी उठला. फेटा काढून त्यानं काखेत धरला आणि लाडूसमोर येऊन उभा राहिला.

"गाव खयचो तुजो?"

"दोडामार्गाकडचो."

"थंयसून दर्या लांब मां?"

"होय."

"मगे तूच तो!" दाजीचा आवाज माइकशिवाय मांडवभर गेला. "पन्नास वर्सां तुका शोधतंय रे मेल्या! माजो आजो, बापूस रापणीर म्हातारे झाले, आणि लोक माका इचारतत, दाजी, पयलां तुमी होडयेत ओढी होतात? आमच्याच बायांनी गाणा केला म्हणतत. आमच्या बायांका इतक्या कळना नाय? दर्याकाठचा खुळा पोर पण ही चूक करुचा नाय. ही चूक करूक डोंगरातलोच व्हयो!"

रापणकर फेटे सावरत हसू लागले आणि थांबेनात. पुण्याच्या पाहुण्यांना कळेना, आपण मघाशी होडीत काय करत होतो.

अक्षया खुर्चीवर बसली. फाइल तिच्या मांडीवर होती. "माझा निबंध पडला," ती म्हणाली.

"परत बांध," लाडू तिला म्हणाला. त्याला दुसरं सांत्वन येत नव्हतं.

प्रश्न उरला पाटीचा. विनीतनं त्याला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. "आजोबा, ग्रॅनाईट आता बदलता येणार नाही. खाली छोटी पाटी लावू. नुसतं 'गीतकार लाडू गवस'. चुकीचं कशाला काढायचं? लोकांना काय पडलंय!"

पन्नास वर्षं हेच तर पाहिजे होतं. नुसतं नाव, स्वच्छ. लाडूनं भिंतीकडे पाहिलं, मग अक्षयाकडे.

"नको," तो म्हणाला. "नाव लावतलास तर चूकपण लाव. नाय तर आणखी पन्नास वर्सांनी कोणतरी निबंध लिवतलो."

मजकूर दाजीनं सांगितला. त्यातले चार शब्द अक्षयानं गाळले, कारण ते ग्रॅनाईटवर कोरण्यासारखे नव्हते. बाकी शुद्ध करून दिलं. लाडूनं ऐकलं, मान हलवली आणि विनीतला म्हणाला, "आणि एक. माजा नाव लावच्या आदी भिंत ओळंब्यात आण. उजव्या अंगाक बोटभर गेली हा."

"आजोबा, कुणाला दिसतंय!"

"माका दिसता. नवो डोळो आसा."

तीन सकाळी लाडू रिक्षानं देवबागला जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि विनीतच्या गवंड्याकडून वरचे पाच थर काढून पुन्हा घालून घेतले. गवंड्यानं त्याला मनातल्या मनात काय म्हटलं असेल ते लाडूला ठाऊक होतं. तोही एके काळी तसंच म्हणत असे. चौथ्या दिवशी पाटी लागली. गाणं, त्याखाली 'पारंपरिक', आणि त्याखाली छोट्या अक्षरांत:

*रापण होडीत ओढत नाहीत, किनाऱ्यावर ओढतात. वरील गाणे पारंपरिक नाही. ते आणि त्यातील चूक, दोन्ही लाडू गवस (दोडामार्ग) यांची.*

लाडूनं ते दोनदा वाचलं. एक शब्द जास्त नव्हता. ओळंबा लावून पाहिला, भिंतही बरोबर होती.

होडीवरची रापण मात्र बंद झाली नाही. मे महिन्यापर्यंतचं बुकिंग झालेलं होतं. विनीतनं फक्त 'प्राचीन' हा शब्द काढून 'मौजेची' असा घातला.

त्याच सकाळी दाजीची खरी रापण लागली होती. दाजीनं लाडूला हाक मारली. "ये रे गीतकारा, बघ खंय ओढतत ती!" लाडूनं चपला काढल्या आणि पुळणीवर दोर धरला. ओला काथ्या हाताला लागला, पाय वाळूत रुतले. पन्नास वर्षांनी तो आपल्या गाण्यात शिरला होता, बरोबर जागी उभा राहून. दहा मिनिटांत त्याला दम लागला आणि दाजीनं त्याला बसवलं.

रापणीची रीत अशी की दोराला ज्यानं हात लावला, त्याला मासळीचा वाटा. दाजीनं पिशवीत बांगडे घातले. लाडू घेईना. "धा मिनटां ओढलंय. ह्या काय काम झाला?"

"चाळीस मिनटां लिवलंस तेचा पन्नास वर्सां खाल्लंस नाय. घे गप!"

लाडूनं निम्मे परत टाकले आणि निम्मे घेतले. त्या गाण्याची एवढीच कमाई.

दुपारी पूजा मागच्या दारी बांगडे साफ करत होती. पडवीतल्या लाडूला तिचं गुणगुणणं ऐकू आलं. होडयेत ओढा रे.

"पुळणीर," तो म्हणाला.

पूजानं तसं म्हणून पाहिलं. एकदा, दोनदा. "बाबा, खरा सांगू? ह्या जिभेर बसणा नाय."

लाडूनं डोळे मिटले आणि गुडघ्यावर बोटांनी ताल धरून ओळ मनात म्हटली. आधी बरोबर, मग चुकीची. पुन्हा बरोबर. पन्नास वर्षं तासून ती एका बाजूनं जड राहिली होती. दुसरी चाळीस मिनिटांत बसली होती, आणि हलत नव्हती.

"बसणा नाय खरा," तो शेवटी म्हणाला. "म्हण तू. होडयेतच म्हण."